पॅटर्न नाणी स्लॅब करून घ्यायची सर्व्हिस : ग्रेडचा आकडा नंतर, आधी धातू आणि कड (साडेतीन स्टार)

मी न्यू जर्सीत राहतो, मूळचा नाशिकचा. नाण्यांचा नाद अंजनेरीचं नाणी संशोधन केंद्र शाळेत असताना बघितलं तेव्हापासूनचा. इथे आल्यावर हळूहळू अमेरिकन पॅटर्न नाण्यांकडे वळलो, म्हणजे एकोणिसाव्या शतकात फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत नवीन डिझाइन, नवीन धातू, नवीन वजन करून बघायला म्हणून जी पाडली आणि त्यातली बहुतेक कधी चलनात आलीच नाहीत ती. गेल्या वर्षी त्यातली काही नाणी ग्रेडिंगला पाठवली, आता सगळी परत आलीत, म्हणून हा रिव्ह्यू. ग्रुपवर सारखं विचारतात की पॅटर्न स्लॅब करून घ्यावं का, पैसे वसूल होतात का, तर एकदाच सविस्तर लिहितो.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. ग्रेडिंग कंपनीला नाणं पाठवायचं, ते खरं-खोटं तपासतात, ७० पैकी ग्रेड देतात, आणि कडक प्लॅस्टिकच्या सीलबंद डबीत लेबल लावून परत पाठवतात, त्या डबीला स्लॅब म्हणायचं. अमेरिकेत पीसीजीएस १९८६ ला सुरू झाली, एनजीसी १९८७ ला, बाजार मुख्यतः या दोघांच्या लेबलवर चालतो. मी कोणाकडे पाठवलं ते नाव इथे टाकत नाहीये, कारण मला जे बोलायचंय ते एका कंपनीबद्दल नसून पॅटर्न नाण्याला ही सर्व्हिस नक्की काय देते याबद्दल आहे.

माझं मत सरळ आहे. साध्या चलनी नाण्यात लोक एमएस (मिंट स्टेट, म्हणजे न वापरलेलं नाणं) ६४ का ६५ यावर भांडतात आणि ते बरोबरही आहे, तिथे नाणं कुठलं हा प्रश्नच नसतो. पॅटर्नमध्ये खरा प्रश्न हे नाणं नक्की कुठलं हाच असतो. तोच साचा, तेच साल, तेच चित्र, पण एक चांदीत, एक तांब्यात, एक ॲल्युमिनियममध्ये, एकाची कड दातेरी एकाची साधी, आणि या प्रत्येकाला कॅटलॉगमध्ये वेगळा नंबर, वेगळी दुर्मिळता आणि वेगळी किंमत. डॉ. जड्ड म्हणून ओमाहाचे एक डॉक्टर होते, त्यांनी १९५९ मध्ये ही सगळी नाणी नंबर लावून पुस्तकात आणली, म्हणून आजही जे-२२८, जे-२९९ असं बोललं जातं. स्लॅबचे पैसे आपण या नंबरसाठी देतो. ग्रेड त्याच्या मागून येते.

आता माझी नाणी. पहिलं १८६३ चा इंडियन हेड सेंट, जे-२९९. हे नाणं मला फार आवडतं आणि याच्याबद्दल जरा जास्त लिहिणार आहे. १८६३ चा चलनी सेंट तांबं ८८ टक्के आणि निकेल १२ टक्के असा असायचा, जाड, फिकट रंगाचा, वजन ४.६७ ग्रॅम. यादवी युद्ध चालू होतं, लोकांनी सुटे पैसे घरात दाबून ठेवले, सेंटसुद्धा बाजारातून गायब, मग दुकानदारांनी स्वतःचे तांब्याचे पातळ टोकन काढले आणि लोकांनी ते बिनधास्त घेतले. टांकसाळीने बघितलं की लोकांना पातळ ब्राँझ चालतंय, शिवाय निकेल महाग आणि इतकं कडक की साचे लवकर खराब व्हायचे, तर मग तेच का नको. म्हणून १८६३ चेच साचे वापरून ब्राँझमध्ये सेंट पाडून बघितले, वजन ३.११ ग्रॅम. निकेलचा धंदा करणाऱ्या जोसेफ व्हार्टनच्या बाजूने बराच विरोध झाला तरी एप्रिल १८६४ मध्ये कायदा झाला आणि ब्राँझचा सेंट चलनात आला. म्हणजे जे-२९९ हा तो निर्णय प्रत्यक्ष घेताना हातात धरलेला नमुना आहे. तुमच्या हातात जो सेंट असतो तोच कदाचित कुणीतरी बोटांनी वाकवून, वाजवून, तराजूवर टाकून बघितला असेल, हा विचार मला अजून सुटत नाही.

पण चित्र चलनी सेंटसारखंच, साल तेच. मग कुणी चलनी सेंटवर तांब्याचा मुलामा दिला आणि जे-२९९ म्हणून विकला तर? म्हणून वजन. घरच्या छोट्या तराजूवर ३.१ च्या आसपास आलं की अर्धी काळजी गेली, ४.६ आलं की नाणं आहे तिथेच ठेवून द्या. माझं ३.१ आलं होतं, जाडीही बरोबर, आणि स्लॅबवर जे-२९९, ब्राँझ असं व्यवस्थित लिहून आलं. पूर्ण मार्क.

दुसरं १८५९ चा सेंट, जे-२२८. यात धातूची भानगड नाही, चलनातलाच तांबं-निकेल आहे, फरक मागच्या बाजूला. १८५९ च्या चलनी सेंटवर मागे लॉरेलची माळ आहे, ओकची माळ आणि वर छोटी ढाल १८६० पासून आली. मग १८५९ साल आणि ओकची माळ हे एकत्र दिसलं की पॅटर्न. ज्यांना पॅटर्न गोळा करायला सुरुवात करायचीय त्यांनी माझं ऐकाल तर इथून करा, पॅटर्नच्या मानाने पुष्कळ नमुने आहेत, नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतं आणि गोष्ट सांगायला सोपी. हेही बरोबर परत आलं, ग्रेड माझ्या अंदाजापेक्षा एकाने कमी, त्याबद्दल तक्रार नाही, उजेडात धरलं की पुढच्या बाजूची बारीक रेष मलाही दिसते.

तिसऱ्या नाण्यात गोंधळ झाला. १८६९ आणि १८७० मध्ये टांकसाळीने स्टँडर्ड सिल्व्हर नावाची मालिका काढली, मुख्यतः १०, २५ आणि ५० सेंट. त्या काळी सेंटांच्या कागदी नोटा चालायच्या, मळलेल्या, फाटलेल्या, त्या परत घेऊन त्याबदली हलक्या वजनाची चांदीची नाणी द्यायची अशी कल्पना होती. ती नाणी चलनात आली नाहीत, पण पॅटर्न भरपूर पाडले, चांदी, तांबं, ॲल्युमिनियम, प्रत्येक दातेरी कडेचं आणि साध्या कडेचं, म्हणजे एकेका चित्राचे सहा प्रकार, आणि हे सेट करून संग्राहकांना विकले. आणि गंमत म्हणजे नाण्यावर इंग्रजीत स्टँडर्ड सिल्व्हर असं कोरलेलं तसंच्या तसं तांब्याच्या नाण्यावरही आहे आणि ॲल्युमिनियमच्याही. माझ्याकडचं १८७० चं २५ सेंट, तांब्याचं, साध्या कडेचं. परत आलं ते लेबलवर दातेरी कडेचा नंबर घेऊन. म्हणजे धातू बरोबर, साल बरोबर, कड चूक, आणि कड चूक म्हणजे जड्ड नंबर चूक म्हणजे नाणंच दुसरं.

मी पाठवायच्या आधी प्रत्येक नाण्याचे तीन फोटो काढून ठेवले होते, पुढची बाजू, मागची बाजू आणि कड, शिवाय वजनाचा फोटो तराजूच्या आकड्यासकट. त्यामुळे ईमेलला फोटो जोडून पाठवले आणि त्यांनी मान्य केलं, नाणं परत मागवलं, नवीन लेबल लावून दिलं, दुरुस्तीचे पैसे घेतले नाहीत. वागणूक चांगली होती हे सांगायलाच पाहिजे, फोनवर बोलणाऱ्या बाईंना पॅटर्न म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं नाही. पण विमा उतरवून परत पाठवायचा खर्च माझ्याच खिशातून गेला आणि मध्ये कित्येक आठवडे गेले. आणि कडेचा फोटो नसता तर? बंद डबीतल्या नाण्याची कड धड दिसत नाही. हल्ली काही डब्यांमध्ये नाणं चारच टोकांवर धरलेलं असतं त्यामुळे कड बऱ्यापैकी दिसते, ते उत्तम आहे, पॅटर्न पाठवताना अशीच डबी मागा.

यावरून माझी मुख्य तक्रार. लेबलवर तांबं, चांदी, निकेल असं लिहितात, पण ते कशावरून ठरवलं ते कुठेच लिहीत नाहीत. डोळ्यांनी बघून? वजन करून? मशीनवर? वजन तरी छापायला काय हरकत आहे? एकदा सील झालं की मी ते वजन पुन्हा करू शकत नाही, पुढचा घेणारा तर मुळीच नाही. एका ओळीत ३.११ ग्रॅम एवढं लिहिलं असतं तरी जे-२९९ च्या मालकाला आयुष्यभर शांत झोप लागली असती.

धातूची तपासणी हा विषय जरा खोलात सांगतो कारण यात लोकांची फसवणूक होते. ॲल्युमिनियमची घनता २.७, ते हातात घेतलं की कळतं. चांदीची साडेदहाच्या आसपास, तांब्याची नऊच्या जरा खाली, म्हणजे चांदीचा मुलामा दिलेलं तांब्याचं पॅटर्न घरी पाण्यात वजन करूनही पकडता येतं. पण तांबं आणि निकेल? दोघांची घनता जवळजवळ सारखी. तिथे पाण्याचा प्रयोग उपयोगाचा नाही, तिथे एक्स-रे फ्लुरोसन्स मशीन लागतं, नाण्याला भोक न पाडता धातू सांगणारं. त्यालाही मर्यादा आहे, ते पृष्ठभागाचा पातळ थरच वाचतं, जाड मुलामा असेल तर आतलं सांगत नाही, म्हणून मशीन आणि वजन दोन्ही एकत्र बघायला पाहिजे. जादा पैसे भरून असं ॲनालिसिस करून घेता येतं, आणि जिथे धातूवर किंमत ठरते तिथे ते पैसे वाचवू नका.

गोलॉइडचं उदाहरण घ्या. व्हीलर हबेल नावाच्या माणसाने १८७७ मध्ये मिश्रधातूचं पेटंट घेतलं, चांदीत थोडं सोनं मिसळलेलं, एक भाग सोनं चोवीस भाग चांदी, आणि वर थोडं तांबं. १८७८ ते १८८० मध्ये त्याचे डॉलर पॅटर्न निघाले, काही डॉलरांवर तर धातूंचं प्रमाण आणि वजन कोरलेलं आहे. अडचण काय, तर नुसत्या डोळ्यांनी बघून गोलॉइड आणि साधी चांदी यात फरकच कळत नाही, आणि योजना बारगळायला हेही एक कारण होतं कारण खोटी नाणी पाडणाऱ्याला रान मोकळं. आता असं नाणं तुम्ही कॅटलॉगच्या चित्रावरून विकत घेणार का? मी नाही घेणार, मशीनचा रिपोर्ट आणि वजन हातात असल्याशिवाय.

दुसरी गोष्ट रिस्ट्राइकची. जुनेच साचे काढून नंतर पुन्हा पाडलेलं नाणं. १८५७ च्या कायद्याने अर्धा सेंट आणि जुना मोठा तांब्याचा सेंट बंद झाले, आणि अमेरिकेत नाणी जमवायची लाटच आली. टांकसाळीचा डायरेक्टर जेम्स रॉस स्नोडेन याला टांकसाळीच्या संग्रहासाठी जॉर्ज वॉशिंग्टनची पदकं हवी होती, तर तो संग्राहकांना जुन्या साच्यांतून नाणी पाडून द्यायचा आणि बदल्यात पदकं घ्यायचा. १८५६ चा फ्लाइंग ईगल सेंट असाच नंतरही पाडला गेला. १८३६ चा गोब्रेख्ट डॉलर, ज्यावर ख्रिश्चन गोब्रेख्टने लिबर्टीच्या पायाशी स्वतःचं नाव कोरलंय, त्याचेही मूळ आणि नंतरचे असे दोन वर्ग. हे सगळे खऱ्या टांकसाळीतले, खऱ्या साच्यांचे, म्हणून खोटे अजिबात नाहीत, पण वेगळे आहेत आणि लेबलवर वेगळे दिसायला पाहिजेत. या बाबतीत सर्व्हिस चांगली आहे, साच्याच्या बारीक खुणा, चिरा, दोन बाजूंचा एकमेकांशी कोन, हे सगळं बघून लिहितात, आणि हे काम घरी करायला मला अनेक वर्षांचा अभ्यास लागेल.

आपल्याकडच्या लोकांना हे नवीन वाटायचं कारण नाही. ब्रिटिश इंडियाची जुनी नाणी मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळींनी संग्राहकांच्या ऑर्डरवर जुन्या साच्यांतून कितीतरी वर्षं पाडून दिली, स्वातंत्र्यानंतरसुद्धा. घरात आजोबांच्या डबीत एखादा चकचकीत आरशासारखा व्हिक्टोरिया रुपया असेल तर तो रिस्ट्राइक असायची शक्यता धरूनच चाला, आणि तोही जमवण्यासारखा आहेच, हल्ली त्याला वेगळी मागणी आहे. स्लॅब केला तर लेबलवर रिस्ट्राइक असं लिहून येतं, ते येतंय ना एवढं बघा.

१८५६ च्या फ्लाइंग ईगलबद्दल आणखी एक, कारण याचे बनावट खूप असतात. १८५८ चा साधा सेंट घ्यायचा, शेवटचा ८ खरवडून ६ करायचा. ५ कडे बघा, खऱ्या १८५६ मध्ये ५ ची उभी रेष खाली वाढवली तर खालच्या गोळ्याच्या मध्यातून जाते, १८५८ मध्ये ती डावीकडे जाते. भिंग घ्या आणि बघा. तरीही हे एक नाणं स्लॅबशिवाय घेऊ नका असं मी कुणालाही सांगेन.

पॉप्युलेशन रिपोर्टबद्दल मात्र सावध. कंपनी आपल्या वेबसाइटवर दाखवते की अमुक नंबरची आम्ही इतकी नाणी ग्रेड केली. चलनी नाण्याला ते बरं आहे. पॅटर्नमध्ये आर-७ दुर्मिळता म्हणजे जगात ४ ते १२ नाणी, आर-८ म्हणजे दोन-तीन. आता मालक ग्रेड वाढेल या आशेने स्लॅब फोडून तेच नाणं परत पाठवतात, जुनं लेबल परत करत नाहीत, आणि रिपोर्टमध्ये एका नाण्याची तीन नाणी होतात. बारा नाण्यांच्या जगात तीन-चार खोटे आकडे घुसले तर सगळं चित्रच बिघडतं. खरी मोजणी हवी असेल तर जुने लिलावाचे कॅटलॉग काढून फोटोवरून एकेक नाणं, त्याच्यावरचा डाग, ओरखडा ओळखत बसायला लागतं. मी ते करतो, त्यात माझे शनिवार जातात आणि मला ते आवडतं.

पाठवायच्या आधी काय करायचं तेही सांगतो. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटातून नाणं आधी काढा, त्यातल्या पीव्हीसीने तांब्यावर हिरवा चिकट थर येतो, मायलरची कडक पाकिटं मिळतात ती वापरा. नाणं अजिबात पुसू नका, विशेषतः ॲल्युमिनियमची, तो धातू मऊ आहे आणि एका रुमालाने दीडशे वर्षांचा पृष्ठभाग गेला की गेला. (१८८६ मध्ये स्वस्तात काढायची पद्धत निघायच्या आधी ॲल्युमिनियम महाग धातू होता, म्हणून तेव्हाच्या या नाण्यांबद्दल मला खास माया आहे.) फॉर्मवर जड्ड नंबर, धातू आणि कड स्वतः लिहा, ते ठरवतील असं म्हणून रिकामं सोडू नका. आणि टपाल रजिस्टर्ड मेलने, विमा उतरवून, पाकिटावर नाण्याचा उल्लेख नाही.

पैशांचं म्हणाल तर स्वस्त नाही. नाण्याची किंमत जास्त तशी फी जास्त, त्यात टपाल, विमा, सभासदत्व. एखादं साधं चलनी नाणं असेल तर मी पाठवणार नाही. पॅटर्न असेल आणि धातू, कड, रिस्ट्राइक यातला एकही प्रश्न उघडा असेल तर पाठवणार. जे-२२८ सारखं डोळ्यांनी कळणारं नाणं विकायचं नसेल तर नुसतं चांगल्या डबीत ठेवलं तरी चालतं, ते मी हौसेने पाठवलं.

स्टार साडेतीन. एक पूर्ण स्टार कापला तो कडेच्या चुकीसाठी, कारण पॅटर्नच्या लेबलवर तीच चूक सगळ्यात महाग पडते, आणि अर्धा वजन न छापण्यासाठी. बाकी साच्यांचं ज्ञान, फोटो, नाणं हाताळण्याची काळजी आणि चूक कबूल करून दुरुस्त करणं यात काही उणं नाही.

एक राहिलं. यातलं बरंच काही आज बाजारात मिळतं त्यामागे एक माणूस आहे, विल्यम वुडिन. १८७७ चे सोन्याचे ५० डॉलरचे दोन पॅटर्न त्याने १९०९ च्या सुमारास प्रत्येकी १०,००० डॉलरला घेतले, सरकारशी वाद झाला, शेवटी ती दोन्ही सरकारला परत दिली आणि बदल्यात त्याला पॅटर्न नाण्यांचे ढीग मिळाले, जे नंतर बाजारात पसरले. १९१३ मध्ये पॅटर्नवरचं पुस्तकही त्याच्या सहभागाने निघालं. आणि हाच वुडिन १९३३ मध्ये रूझवेल्टचा अर्थमंत्री होता, त्याच वर्षी लोकांकडचं सोनं सरकारजमा करायचा हुकूम निघाला आणि त्यात संग्राहकांच्या दुर्मिळ सोन्याच्या नाण्यांना सूट होती. ती दोन ५० डॉलरची नाणी आता स्मिथसोनियनच्या संग्रहात आहेत. तांब्यात पाडलेली त्यांची भावंडं मात्र अधूनमधून लिलावात येतात, त्यातल्या काहींना नंतर सोन्याचा मुलामाही दिलेला असतो, तेव्हा लेबलवर धातूच्या पुढे काय लिहिलंय ते आधी वाचा आणि मगच बोली लावा.